‘ओरिजिनल टाकू की असंच?’ : अपडेटनंतर विंडोज नकली निघाले तर काय करायचे

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात संगणक जोडून घेताना एक प्रश्न हमखास येतो. मदरबोर्ड ठरतो, रॅम ठरते, मॉनिटरवरून घासाघीस होते आणि शेवटी कॅल्क्युलेटरवर बोटे चालवत दुकानदार विचारतो, "विंडोज ओरिजिनल टाकू की असंच?" ‘असंच’ म्हणजे नेमके काय, हे त्या घडीला कोणी उलगडून सांगत नाही. बिलातले काही हजार वाचले, एवढेच गिऱ्हाइकाला कळते. मग वर्ष-दीड वर्षाने एका सकाळी अपडेट होऊन संगणक सुरू होतो आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटतात: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’.

गिरगाव ते परळ या पट्ट्यात मी बरीच वर्षे घरोघरी आणि छोट्या ऑफिसांत संगणक दुरुस्तीची कामे करतो. परळला एक काकू लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाची आमंत्रणे तयार करून देतात. त्यांच्या पडद्यावर ही अक्षरे आली ती ऐन लग्नसराईत. घाईघाईत कोणीतरी सुचवलेल्या मुलाने तीनशे रुपये घेऊन ती घालवली. प्रत्यक्षात त्याने विंडोज अपडेट बंद केले होते, आणि नकली विंडोज खरे भासवणारे त्याचे अवजार पकडले जाऊ नये म्हणून संपूर्ण सी ड्राइव्ह अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला होता. चार महिन्यांनी काकूंच्या सगळ्या फायलींची नावे बदललेली सापडली आणि सोबत खंडणीची चिठ्ठी. नऊ वर्षांच्या पत्रिका, बॉर्डर, गणपतीची चित्रे, सगळे गेले. बॅकअप नव्हता. मला फोन आला तो त्यानंतर.

हा लेख मी त्या प्रसंगासाठी लिहितो आहे. अपडेटने नकली प्रत पकडली तर ते अपडेट हा तुमचा शत्रू नाही. अपडेट बंद करणे हे मात्र सर्वांत वाईट उत्तर आहे. आणि बऱ्याच जणांनी खऱ्या परवान्याचे पैसे आधीच भरलेले असतात, फक्त त्यांना ते माहीत नसते. कसे, ते पुढे येईलच.

अपडेटला कळते तरी कसे

विंडोजने ‘ॲक्टिव्हेशन’, म्हणजे प्रत खरी असल्याची मायक्रोसॉफ्टकडे नोंद, सक्तीचे केले ते २००१ मध्ये, एक्सपी या आवृत्तीबरोबर. त्याआधी एकाच सीडीवरची एकच ‘की’ (परवान्याची किल्ली असलेली अक्षरे) अख्ख्या चाळीत फिरायची. पुढे २००५ पासून ‘जेन्युइन ॲडव्हान्टेज’ ही तपासणी आली: काही गोष्टी डाउनलोड करायच्या असतील तर आधी प्रत खरी असल्याचे सिद्ध करा. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये नकली एक्सपी प्रोफेशनल असलेल्यांच्या डेस्कटॉपची पार्श्वभूमी दर तासाला काळी होऊ लागली. चीनमध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोज ७ साठी एक अपडेट आले. ते ॲक्टिव्हेशन चुकवण्याच्या सत्तरहून अधिक ज्ञात युक्त्या ओळखत असे आणि दर नव्वद दिवसांनी फिरून तपासत असे.

आजच्या विंडोजमध्ये वेगळे तपासणी-अपडेट यावे लागत नाही, हे काम आतच चालते. पाहिले जाते ते साधारण असे: की काळ्या यादीत आहे का, तीच की ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त संगणकांवर वापरली आहे का, परवाना ज्या मदरबोर्डवर नोंदला तोच बोर्ड आहे का, आणि परवाना सांभाळणाऱ्या फायलींत कोणी हात घातला आहे का. अपडेटमध्ये या फायली नव्याने लिहिल्या जातात. त्यामुळे त्यांत केलेली मोडतोड पुसली जाते आणि झाकलेले उघडे पडते.

‘असंच’ या प्रकारात सर्वाधिक वापरली जाणारी युक्ती समजून घ्या, म्हणजे पुढच्या तपासण्या लक्षात येतील. मोठ्या कंपन्या प्रत्येक संगणकात वेगळी की टाकत बसत नाहीत. त्यांच्या जाळ्यात एक सर्व्हर असतो, त्याला केएमएस म्हणतात. तो बाकीच्या संगणकांना १८० दिवसांची मुदत देतो, आणि हे संगणक दर सात दिवसांनी मुदत वाढवून घेण्याचा प्रयत्न करतात. खरा केएमएस किमान २५ संगणकांनी मागणी केल्याशिवाय विंडोजला ॲक्टिव्हेशन देतच नाही. नकली अवजार काय करते? तुमच्याच संगणकात बसून आपण असा कंपनीचा सर्व्हर असल्याची बतावणी करते. म्हणजे दोन खोल्यांच्या घरातला एकुलता एक संगणक पंचवीस संगणकांच्या कंपनीचा भाग असल्याचे भासवतो.

अपडेटची यंत्रणाही चुकते, हेही सांगायला हवे. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तपासणी सर्व्हर बिघडले आणि पैसे मोजून घेतलेल्या एक्सपी-व्हिस्टाच्या प्रती नकली ठरल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये विंडोज १० प्रो असलेल्या कित्येकांना ‘तुमचा परवाना होमचा आहे’ असे दिसू लागले (होम आणि प्रो या विंडोजच्या वेगवेगळ्या एडिशन, म्हणजे आवृत्त्या). जानेवारी २०१९ मध्ये कंपन्यांतल्या विंडोज ७ वर हाच घोटाळा झाला. म्हणून पहिल्या दिवशी काहीही उपटू नका. संगणक नेटला जोडून एक दिवस तसाच राहू द्या, एकदा रीस्टार्ट करा आणि मगच पुढच्या तपासणीला लागा.

संदेश खरा आहे का?

खरा संदेश शांत असतो. कोपऱ्यात फिकट अक्षरे, सेटिंग्जमध्ये एक ओळ, वॉलपेपर आणि रंग बदलण्यावर बंदी. इतकेच. संगणक चालतो, कामे होतात.

ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवू लागला, ‘तुमचे विंडोज बेकायदेशीर आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले, तर ते निव्वळ भामट्यांचे काम. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, आणि ती कंपनी आपणहून घरी फोन करून ‘तुमच्या संगणकात गडबड आहे’ असे सांगत नाही. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. कोणाला स्क्रीनचा ताबा देऊन बसला असाल तर वायफाय बंद करा, बँकेला फोन करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर पहिला तास महत्त्वाचा. वडीलधाऱ्यांना हे आजच सांगून ठेवा.

पायरी पहिली : तुमच्याकडे नेमके काय आहे

कागद-पेन घ्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग ॲक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. या पानावरून तीन गोष्टी लिहून घ्या: एडिशन, ॲक्टिव्हेशनची स्थिती आणि एरर कोड असेल तर तो अक्षरन् अक्षर.

एडिशनच्या जागी ‘एंटरप्राइझ’ किंवा ‘एलटीएससी’ दिसले आणि संगणक घरचा असेल तर गोष्ट जवळपास तिथेच संपते. या एडिशन संस्थांसाठी असतात, घरगुती गिऱ्हाइकाला दुकानातून मिळत नाहीत. स्थितीच्या ओळीत ‘ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे शब्द आले तर त्याचा अर्थ वर सांगितलेला केएमएस.

आता स्टार्टवर क्लिक करून सीएमडी टाइप करा. जी काळी खिडकी उघडेल तिच्यात रोमन अक्षरांत एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरे सलग लिहा, एक जागा सोडा, तारखेत दिवस आणि महिन्यामध्ये काढतो तशी तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून एक्स, पी, आर लिहून एंटर दाबा. छोटी चौकट येईल. ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ म्हणजे कायमचा परवाना. ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर’ आणि पुढे तारीख, म्हणजे केएमएस. तारीख २०३८ सालची असेल तर तीसुद्धा केएमएसचीच एक युक्ती आहे, खऱ्या कंपनीचा सर्व्हर इतकी लांब मुदत देत नाही. ‘नोटिफिकेशन मोड’ म्हणजे परवाना नाही किंवा नाकारला गेला.

मग तीच पाच अक्षरे, जागा, तिरकी रेघ, पण पुढे डी, एल, आय. इथे ‘चॅनल’ हा शब्द शोधा. रिटेल म्हणजे सुटा विकत घेतलेला परवाना, तो एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. ओईएम म्हणजे संगणकाबरोबर आलेला, त्या मदरबोर्डाशी बांधलेला. व्हॉल्यूम म्हणजे संस्थेचा. घरच्या संगणकावर व्हॉल्यूम दिसणे आणि तुम्ही कोणत्याही संस्थेचे यंत्र वापरत नसणे, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत.

एक सावधगिरी. काही गैरमार्गांनी चालू केलेल्या प्रतीही ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ दाखवतात. म्हणजे पडदा काय म्हणतो त्याइतकेच बिल काय म्हणते हेही पाहावे लागते. बिलात विंडोजची वेगळी ओळ नाही, लॅपटॉपवर कंपनीचे विंडोज नव्हते, खोक्यात काही आले नव्हते, तर परवाना आला कुठून?

एरर कोडची शेवटची चार अक्षरे पाहिली तरी पुष्कळ कळते. सी००३ : की मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. सी००८ : की ठरलेल्यापेक्षा जास्त ठिकाणी वापरली गेली. एफ०७४ : केएमएस सर्व्हर सापडत नाही. घरच्या संगणकावर हा आला तर नकली अवजार अपडेटने किंवा अँटिव्हायरसने काढून टाकले, असा त्याचा सरळ अर्थ. एफ२१३ : या यंत्रात की सापडली नाही, बहुधा मदरबोर्ड बदलला.

ज्यांची प्रत खरी आहे तरी संदेश येतो

यांत दोन प्रकारचे लोक मला वारंवार भेटतात. पहिला, कंपनीचा लॅपटॉप घेऊन महिनोन्‌महिने घरून काम करणारा. ठाण्याला बसून अंधेरीच्या ऑफिसचे काम चालते, पण यंत्र ऑफिसच्या जाळ्यात जातच नाही आणि १८० दिवसांची मुदत संपते. यात नकली काही नाही. व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात शिरण्याची सोय) जोडा किंवा यंत्र ऑफिसात एकदा नेऊन आयटी विभागाला सांगा. स्वतः काही करायला जाऊ नका.

दुसरा, मदरबोर्ड बदलून घेतलेला. तुमचा परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ दाबा, पुढे हार्डवेअर नुकतेच बदलल्याचा पर्याय येतो. त्यात खाते घालून तुमचा जुना संगणक यादीतून निवडा. रिटेल परवाना असेल तर बहुतेक वेळा काम होते. ओईएम असेल तर तो जुन्या बोर्डाबरोबर गेला. वॉरंटीत खुद्द कंपनीने बोर्ड बदलला असेल तर विंडोज चालू करून देणे त्यांच्याकडूनच मागा. म्हणून आज सगळे ठीक असले तरी त्या पानावर ‘लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असे आहे की नाही ते पाहून ठेवा.

पायरी दुसरी : परवाना मदरबोर्डात पडून आहे का

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त लोकांचा फायदा होतो तो याच पायरीवर.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डावरच्या चिपमध्ये नोंदलेली असते. डिस्क फॉरमॅट करा, डिस्क बदला, की तिथेच राहते. होते काय, की लॅपटॉप विंडोज होमसह विकत घेतला जातो, दोन वर्षांनी मंद होतो, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. तो आपल्या पेनड्राइव्हवरचे तयार ‘प्रो’ टाकून देतो, कारण सगळ्यांना तो तेच टाकतो. मालकाने होमचे पैसे लॅपटॉपबरोबर मोजलेले असतात आणि चालते आहे नकली प्रो. अपडेट पकडते ते प्रो. खाली खरा परवाना निवांत पडलेला असतो.

जुन्या ऑफिसांतून उतरलेले लॅपटॉप वापरणाऱ्यांनीही हे जरूर पाहावे. असे लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात आणि यंत्रे चांगली असतात. त्यांच्यात कंपनीचा व्हॉल्यूम परवाना चालू असला तर तो तुमचा नाही, लॅपटॉप विकला म्हणून तो हस्तांतरित होत नाही. पण चिपमध्ये बहुधा प्रोची ओईएम की असते, आणि ती मात्र यंत्राबरोबर येते.

ओळखायचे कसे? लॅपटॉपच्या पाठीवर किंवा बॅटरीच्या कप्प्यात विंडोजचा छोटा चकचकीत शिक्का आहे का पाहा. विंडोज ७ च्या काळातल्या यंत्रांवर पंचवीस अक्षरांची की स्टिकरवरच छापलेली असे. नव्या यंत्रांवर नुसता शिक्का असतो, की आत असते. पक्की खूण मिळते ती नव्याने विंडोज टाकताना: चिपमध्ये की असेल तर इन्स्टॉलर की मागत नाही आणि कोणती एडिशन हवी हेही विचारत नाही, स्वतःच योग्य एडिशन घेतो. नेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होते. एक रुपया न देता.

जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये मात्र ही की नसते.

पायरी तिसरी : नुसता संदेश पुसू नका, घर तपासा

‘आता चालतंय ना, मग राहू दे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की इथे थोडा थांबून सांगतो. ॲक्टिव्हेट न झालेल्या विंडोज १० आणि ११ लाही सुरक्षा अपडेट मिळत राहतात. अक्षरे दिसत राहिली तर संगणक धोक्यात नाही, अपडेट थांबले तर आहे. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट दिले. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणी-व्हायरसने तीच फट वापरून जगभर धुमाकूळ घातला. मधले दोन महिने ज्यांनी अपडेट घेतले नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, पसरण्यासाठी त्याने इतर युक्त्यांबरोबर ही फटही वापरली, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

दुसरा धोका त्या अवजाराचाच. ॲक्टिव्हेशन चुकवणारी अवजारे चालवण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगितले जाते, आणि आपण घराची कडी स्वतः काढतो. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने असाच एक प्रकार मांडला होता: केएमएसपिको या अवजाराच्या नावाने फिरणाऱ्या फायलीतून क्रिप्टबॉट नावाचा चोर घुसत होता आणि ब्राउझरमधली माहिती, क्रिप्टो पाकिटे लुटत होता.

म्हणून या चार जागा पाहा. विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’ आणि तळाशी ‘एक्स्क्लूजन्स’. तुम्ही स्वतः काही घातले नसेल तर ही यादी रिकामी हवी. तिथे फोल्डर किंवा अख्खा ड्राइव्ह दिसला तर फोटो काढून ठेवा आणि ती नोंद काढून टाका. त्याच खिडकीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ आहे. तिथे ‘हॅकटूल’ आणि ‘ऑटोकेएमएस’ हे शब्द आले तर ॲक्टिव्हेशन कसे झाले होते त्याचे उत्तर मिळाले. मग टास्क शेड्यूलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणारे विंडोजचे साधन) केएमएसच्या नावाने दर काही दिवसांनी चालणारे काम आहे का पाहा. आणि शेवटी सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज अपडेट’ समोर ‘डिसेबल्ड’ लिहिलेले नाही ना, याची खात्री करा. या सर्व्हिसला ‘मॅन्युअल’ लिहिलेले असणे ठीक आहे.

यातले काहीही सापडले, तर मी साफसफाईच्या भानगडीत पडत नाही. कोऱ्या डिस्कवर नवे विंडोज. गिऱ्हाइकाला ते जड वाटते, पण अर्धवट साफ केलेल्या यंत्रावर नेट बँकिंग करण्यापेक्षा एक रविवार घालवलेला बरा. तोवर बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून किंवा फोनवरून बदला. त्याच संगणकावरून बदलले तर नवे पासवर्डही जातील.

पायरी चौथी : नव्याने विंडोज टाकणे

आधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो घ्याच, पण लोक विसरतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. टॅलीचा डेटा फोल्डर. ब्राउझरमधले बुकमार्क. आउटलुकच्या मेलची फाइल. डीटीपीवाल्यांसाठी फाँट! श्रीलिपी किंवा आयएसएमवर वर्षानुवर्षे केलेले काम फाँट हरवले की गिचमिड दिसते, आणि नेमका तोच फाँट पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात. एखाद्या सॉफ्टवेअरला यूएसबीचा लॉक (ते चालण्यासाठी यूएसबीत लावावा लागणारा तुकडा) असेल तर तो कुठे आहे हे आधी शोधा. बॅकअपमध्ये सेटअप, क्रॅक, ‘ॲक्टिव्हेटर’ असल्या फायली घेऊ नका, नाहीतर तीच घाण नव्या घरात येईल.

डिस्कवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना आधी चालणारी मूळ सेटिंग) बदल झाल्यावर यंत्र ती मागू शकते आणि तेव्हा ती हाताशी नसली तर बॅकअप राहिलेली एखादी फाइलही निघत नाही.

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागेल, त्यावरचे सर्व पुसले जाते. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्या, ते मोफत आहे. विंडोजची फाइल टेलिग्रामवरून, टॉरेंटवरून किंवा दुकानातल्या कोणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका. डाउनलोड काही जीबींचा असतो, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटऐवजी वायफाय बरे. त्याच वेळी लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या मॉडेलचा वायफाय ड्रायव्हरही (वायफाय चालवणारे सॉफ्टवेअर) घेऊन ठेवा. नवे विंडोज लागल्यावर नेटच सापडत नाही, अशी वेळ येते.

यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करायचे बटण कंपनीगणिक वेगळे असते: डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९, लेनोवोमध्ये बहुधा एफ१२. बाहेरची हार्ड डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून ती पुसली जाणार नाही. मी स्वतः हे कटाक्षाने पाळतो. इन्स्टॉलरने की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा आणि तुमचा परवाना ज्या एडिशनचा आहे तीच एडिशन घ्या. होमचा परवाना प्रोला चालत नाही, इथे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. जुने पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) पुसून रिकाम्या जागेवर टाका. सुरू झाल्यावर आधी अपडेट, ‘यू आर अप टू डेट’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग ॲक्टिव्हेशनचे पान. बॅकअप त्यानंतर, आणि तोही विंडोज सिक्युरिटीतून तपासूनच आत आणा.

परवाना नाहीच निघाला तर

विकत घ्यायचा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून, किंवा नामांकित विक्रेत्याकडून जीएसटी बिलासह. अधिकृत किंमत हजारांत असते. ऑनलाइन बाजारात चार-पाचशे रुपयांत जी ‘लाइफटाइम की’ विकली जाते ती बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम परवान्यातली किंवा भलत्याच यंत्राची असते. आज चालते, सहा महिन्यांनी तिच्यावर सी००३ येतो, आणि विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो. पैसे गेले आणि परवाना नाही, अशा दोन्ही बाजूंनी फसलेल्या माणसाला काय सांगावे, हे मला अजून जमलेले नाही.

विकत घेण्याआधी यंत्राचे वय पाहा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रासाठी परवाना घेणे म्हणजे पडक्या घराला नवे कुलूप.

अशा यंत्रांवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून देतो. मोफत, कायदेशीर, आणि अपडेट आले की पोटात गोळा येत नाही. सीडॅक या सरकारी संस्थेने बनवलेले बॉस लिनक्सही आहे, त्यात मराठीची सोय आहे. लिब्रेऑफिसमध्ये पत्रे, हिशेब, सोसायटीच्या नोटिसा व्यवस्थित होतात, युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने टाइप करता येते. पण टॅली किंवा श्रीलिपीवर पोट असेल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. काकूंना मी विंडोजच घ्यायला लावले, दोन हप्त्यांत.

धंद्याचा संगणक असेल तर कायदाही पाहा

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नव्हता, तर न्यायालय कैद टाळून फक्त ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. ‘जाणूनबुजून’ हा शब्द लक्षात घ्या. पडद्यावर अक्षरे उमटल्यानंतर ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे कठीण होते. क्लासचे, दवाखान्याचे, सीएच्या ऑफिसचे, झेरॉक्सच्या दुकानाचे संगणक या धंद्याच्या बाजूला पडतात.

बिल, आणि फसवणूक झाली असेल तर तक्रार

नवा संगणक घेताना बिलावर विंडोजची वेगळी ओळ, एडिशनसकट, लिहून घ्या. ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन’ एवढेच लिहिले असेल तर ते टाकण्याची मजुरी झाली, परवाना नव्हे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’ मध्ये घालून दुकानाचे नाव जुळते का ते दुकानात उभ्याउभ्या पाहता येते. पत्ता पडताळताना लॅमिंग्टन रोड सापडला नाही तर डॉ. भडकमकर मार्ग शोधा, रस्त्याचे अधिकृत नाव तेच.

बिलात ओरिजिनल लिहून नकली टाकले असेल तर चिडून फॉरमॅट करू नका, पुरावा जाईल. ॲक्टिव्हेशनचे पान, आधी सांगितलेल्या दोन्ही चौकटी आणि एक्स्क्लूजन्सची यादी यांचे फोनवर फोटो काढा, तारीख दिसेल असे. बिल घेऊन दुकानात जा आणि परवाना किंवा पैसे लेखी मागा, व्हॉट्सॲपवर मागितले तरी चालेल. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही अडले तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, वकील करण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. ही दोन वर्षे मोजायला आजच बिलावरची तारीख पाहा.